राणीछाप रुपयावरची राणी आणि तिच्या नवऱ्याचं घराणं: हे सॅक्स-कोबर्ग-गोथा म्हणजे कोण लोक?

सेलूची लेक

नमस्कार मंडळी. माझ्या आजीकडं चांदीच्या रुपयांची माळ आहे. अकरा रुपये, प्रत्येकाला वरून कडी झाळलेली, काळ्या गोफात ओवलेले. तिच्या सासूनं तिला दिली होती. आजी सरसकट सगळ्यांना "राणीछाप" म्हणते. परवा पोळ्याच्या आधी ती माळ चिंच लावून घासायला माझ्याकडं आली, तेव्हा मी एकेक रुपया नीट पाहिला. सहा राणीचे आहेत. त्यातला एक १८४० चा, त्यावर राणी अगदी तरणी, मागं अंबाडा, डोक्यावर मुकुट नाही. बाकी पाचांवर मुकुट आहे. उरलेले पाच रुपये मात्र राणीचे नाहीतच, दाढीवाल्या, टक्कल पडलेल्या राजाचे आहेत. आजीला दाखवलं तर म्हणाली, "हा तिचा पोरगा असंन. राणी मेल्यावर पोराचंच नाव चढते ना सातबाऱ्यावर."

आजीचं बरोबर निघालं, तो सातवा एडवर्ड. मी बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहास घेतलाय. पुस्तकात पाहिलं तर व्हिक्टोरिया "हॅनोव्हर घराणं" आणि तिचा पोटचा पोरगा "सॅक्स-कोबर्ग-गोथा घराणं". पुढं त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज "विंडसर". तीन पिढ्यांत तीन घराणी! सरांना विचारलं, ते म्हणाले परीक्षेला येत नाही.

माझे प्रश्न असे. हे सॅक्स-कोबर्ग-गोथा नेमकं कुठं होतं, किती मोठं होतं? तिथला ड्यूक म्हणजे राजा की आपल्याकडच्या मालगुजारासारखा कोणी? आणि एवढ्याशा जागेतली माणसं इंग्लंडच्या गादीपर्यंत पोचली कशी? कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. मला खरंच समजून घ्यायचंय.

नाणेवेडा, अकोला

ताई, आधी माळेबद्दल. चिंच, राख, रांगोळी काहीच लावू नका. कोमट पाण्यात धुऊन मऊ फडक्यानं टिपून ठेवा. १८४० लिहिलेला रुपया त्याच वर्षी पाडलेला असेल असं नाही, तेच साल ठेवून टांकसाळीत पुढं कितीतरी वर्षं रुपये पाडले गेले. त्यानंतर १८६२ पासून मुकुटवाली राणी आली. १८७७ पासूनच्या रुपयावर "क्वीन" जाऊन "एम्प्रेस" लिहिलेलं सापडेल. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, तिचं नाव ह्याच "एम्प्रेस" वरून. कलदार रुपया बरोब्बर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणून आपल्याकडचे जुने सोनार वजनाला रुपयाच टाकायचे.

घराण्याचं उत्तर सोपं आहे. मुलाला बापाचं घराणं लागतं. व्हिक्टोरियाचा नवरा आल्बर्ट हा कोबर्गचा, म्हणून एडवर्ड कोबर्ग घराण्याचा. १९१७ मध्ये जर्मनीशी लढाई चालू असताना पाचव्या जॉर्जनं १७ जुलैला हे जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं. त्याच वर्षी लंडनवर जी जर्मन विमानं बाँब टाकत होती, त्यांना "गोथा" म्हणत, कारण ती गोथा गावातल्या कारखान्यात बनत. राजाचं आडनाव आणि बाँब टाकणाऱ्या विमानाचं नाव एकच. लोक किती दिवस ऐकून घेणार?

कोबर्गच्या आतल्या भानगडी मला ठाऊक नाहीत. ते अर्जनवीस काका सांगतील, ते इथं असतात.

अर्जनवीस

पोरी, तुझा प्रश्न वाचून काल रात्री जुनी फाईल काढली. मी तीस वर्षं तहसीलीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहितो. वारस नोंद, वाटणीपत्र, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, हेच माझं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी ह्या कोबर्गवाल्यांबद्दल वाचायला लागलो आणि नावांचा इतका गुंता झाला की शेवटी लीगल कागद घेऊन आपल्या पद्धतीनं वंशावळ काढली. नावाखाली "मयत", "निपुत्रिक मयत", अशी. मग सगळं उलगडलं, कारण ही गोष्ट तलवारीची कमी आणि वाटणीची जास्त आहे. म्हणून मी ती वाटणीसारखीच सांगतो.

मूळ घराणं वेटिन. सॅक्सनीचा मोठा मुलूख त्यांचा. १४८५ मध्ये एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट ह्या दोन सख्ख्या भावांनी लाइपझिगला वाटणी केली. थोरल्याच्या शाखेकडं इलेक्टरचा मान राहिला, म्हणजे जर्मन बादशहा निवडताना मत द्यायचा हक्क. धर्मसुधारणा करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला ह्याच थोरल्या शाखेनं पाठीशी घातलं. १५३० मध्ये ल्यूथर सहाएक महिने कोबर्गच्या किल्ल्यात राहिला होता. पुढं १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत बादशहानं थोरल्या शाखेला हरवलं आणि इलेक्टरपद धाकट्या शाखेच्या मोरित्सला देऊन टाकलं. भाऊबंदानं शत्रूकडून उभं राहून थोरल्याचा मान घेतला. तेव्हापासून थोरली शाखा थुरिंजियाच्या डोंगराळ भागातल्या उरल्यासुरल्या मुलखावर आली.

आता तिथं मोठ्या मुलाला सगळं, असा कायदा नव्हता. आपल्यासारखंच सगळ्या पोरांना हिस्सा. सतराव्या शतकात गोथाला एक फार चांगला ड्यूक झाला, पहिला एर्न्स्ट. त्याला लोक "धर्मनिष्ठ एर्न्स्ट" म्हणत. तीस वर्षांच्या युद्धात मुलूख उजाड झालेला, आणि ह्या माणसानं १६४२ मध्ये शाळेचा कायदा करून खेड्यातल्या पोरापोरींनाही शाळेत पाठवायला लावलं. साल पुन्हा वाच, १६४२. शिवाजी महाराज तेव्हा बारा वर्षांचे होते. मला ह्या घराण्यात सगळ्यात जास्त आदर ह्या माणसाचा आहे, राण्या आणि लग्नं नंतर.

तो १६७५ मध्ये वारला. मागं सात मुलगे. पाच वर्षं सामाईक खातं चाललं, मग १६८० च्या सुमारास वाटण्या झाल्या. थोरला फ्रीडरिश गोथाला, आल्ब्रेख्ट कोबर्गला, बेर्नहार्ड माइनिंगेनला, हाइनरिश र्‍योमहिल्डला, ख्रिस्टियान आयझेनबर्गला, एर्न्स्ट हिल्डबुर्गहाउझेनला आणि सगळ्यात धाकटा योहान एर्न्स्ट झालफेल्डला. सात भाऊ, सात वाडे, सात दरबार. त्यातही सगळे सारखे नव्हते. लहान हिस्सेदारांचा बराच कारभार थोरल्याच्या म्हणजे गोथाच्या हातीच राहिला. आपल्या वर्धा-नागपूरकडं मालगुजारीत गाव सोळा आणे धरून भावांचे हिस्से पडत, कोणाचे चार आणे, कोणाचे सहा पै, पण सरकारपुढं जबाबदार एकच लंबरदार असे. गोथाचा थोरला हा त्यांचा लंबरदार समज, म्हणजे डोक्यात बसेल.

माझ्या आज्याचं सोळा एकर वावर होतं. चार पोरांत चार-चार एकर. विहीर आली एकाच्या हिश्श्यात आणि विहिरीकडं जायची वाट दुसऱ्याच्या धुऱ्यावरून. त्या वाटेपायी माझ्या बापाशी माझा काका अकरा वर्षं बोलला नाही. आज माझ्या नावावर दीड एकर आहे. म्हणून ह्या सात भावांचं पुढं काय झालं ते वाचताना माझा जीव त्यात गुंतला.

पुढं झालं असं. कोबर्गचा आल्ब्रेख्ट १६९९ मध्ये निपुत्रिक मयत. आयझेनबर्गचा १७०७, र्‍योमहिल्डचा १७१०, तेही निपुत्रिक. तिघांच्या हिश्श्यांवर उरलेल्या भावांचा आणि पुतण्यांचा दावा व्हिएन्नाच्या शाही दरबारात चालला तो १७३५ पर्यंत. दावा लावणारे मेले, पोरांनी पुढं चालवला. शेवटी कोबर्ग मिळालं सगळ्यात धाकट्याच्या पोरांना, झालफेल्डवाल्यांना. तिथून नाव सॅक्स-कोबर्ग-झालफेल्ड. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी एक शहाणपण केलं, थोरल्याला गादी आणि बाकीच्यांना पोटगी, असा घरचा नियम घातला. मुलूख तुटायचा थांबला.

पण कर्ज नाही थांबलं. दरबाराचा डौल एवढा आणि वसूल एवढासा. १७७३ मध्ये बादशहानं त्यांच्यावर कर्ज-कमिशन बसवलं, आपल्याकडं बुडत्या जमीनदाराची इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडं जायची तसं. ड्यूकला खर्चाला बांधून रक्कम मिळायची. आज आल्बर्टच्या नावानं लंडनात केवढाल्या इमारती उभ्या आहेत, पण त्याच्या पणजोबाच्या घरची स्थिती आपल्या नापिकीच्या वर्षासारखी होती.

मग हे वर आले कसे? धाकट्या पोरांमुळं आणि पोरींमुळं. नियमानं धाकट्यांना जमीन मिळत नव्हती, म्हणून ते बाहेर पडले. ड्यूक फ्रान्झ आणि त्याची बायको आउगुस्टं ह्यांची मुलं लक्षात ठेव, सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

एक पोरगी युलियान. रशियाची राणी कॅथरीन हिनं नातवासाठी पोरी पाहायला बोलावल्या. आई तीन पोरी घेऊन पीटर्सबर्गला गेली, त्यातली युलियान पसंत पडली. १७९६ मध्ये लग्न झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. नवरा कॉन्स्टंटिन फार वाईट वागायचा. पाच वर्षांत ती निघून आली आणि परत गेली नाही. पण १८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजेनं कोबर्ग बळकावलं आणि १८०७ च्या टिल्सिटच्या तहात रशियानं शब्द टाकून ते सोडवलं, तेव्हा सोयरीक हीच कामी आली. चौदा वर्षांच्या लेकीच्या संसाराच्या मोलानं ते राज्य वाचलं, आणि वंशावळीत तिच्या नावाखाली लिहायला माझ्याकडं एक ओळसुद्धा नव्हती.

दुसरा पोरगा फेर्डिनांड. त्यानं हंगेरीतल्या कोहारी ह्या गडगंज घरची एकुलती एक मुलगी केली. त्याचा मुलगा पोर्तुगालच्या राणीचा नवरा झाला, नातू १८८७ मध्ये बल्गेरियाच्या गादीवर बसला.

सगळ्यात धाकटा लेओपोल्ड. ह्यानं १८१६ मध्ये इंग्लंडच्या गादीची वारस शार्लट हिच्याशी लग्न केलं. दीड वर्षात बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. त्या मृत्यूनंतर इंग्लंडच्या म्हाताऱ्या राजपुत्रांची वारसासाठी लग्नाची घाई सुरू झाली. त्यातल्या केंटच्या ड्यूकनं लेओपोल्डचीच विधवा बहीण व्हिक्टोरिया केली. त्यांची पोर म्हणजे तुझ्या आजीच्या माळेतली राणी. लेओपोल्डला ग्रीसची गादी देऊ केली होती, ती त्यानं नाकारली, आणि १८३१ मध्ये तो बेल्जियमचा पहिला राजा झाला.

थोरला एर्न्स्ट कोबर्गच्या गादीवर. त्याचा दुसरा मुलगा आल्बर्ट. म्हणजे व्हिक्टोरियाचा सख्खा मामेभाऊ. आपल्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क म्हणतात, इथं उलटं, मामाच्या पोरानं आत्याची लेक केली. सोयरीक जुळवणारा लेओपोल्ड, एकाचा काका आणि एकीचा मामा. दोघंही १८१९ चेच, ती मे मधली, तो ऑगस्टमधला. आणि दोघांचंही बाळंतपण एकाच सुईणीनं केलं. शार्लट फॉन सीबोल्ड ही शिकलेली जर्मन सुईण आधी लंडनला राणीच्या जन्माला होती, तिथून परत येऊन तीन महिन्यांनी कोबर्गजवळ रोझनाऊला आल्बर्टच्या जन्माला. लग्न झालं १० फेब्रुवारी १८४० ला. तुझ्या माळेतल्या अंबाडावाल्या रुपयावर तेच साल आहे.

आता "गोथा" नावात कसं आलं ते राहिलं. १८२५ मध्ये थोरल्या लंबरदाराची, गोथाची, शाखा बुडाली. शेवटचा ड्यूक निपुत्रिक मयत. पुन्हा भाऊबंद जमले, सॅक्सनीच्या राजानं मध्यस्थी केली आणि नोव्हेंबर १८२६ मध्ये अदलाबदल झाली. कोबर्गवाल्यानं झालफेल्ड माइनिंगेनला सोडलं आणि गोथा घेतलं. हिल्डबुर्गहाउझेनवाला आपली जागा सोडून आल्टेनबर्गला गेला. जवळचं जवळ यावं म्हणून शेतकरी गट बदलतात, तसं. तरी कोबर्ग आणि गोथा एकमेकांना लागून आले नाहीतच. मध्ये थुरिंजियाचं जंगल आणि दुसऱ्यांचा मुलूख. दोन्ही मिळून सुमारे १,९७७ चौरस किलोमीटर. आपला वर्धा जिल्हा ६,३०० च्या आसपास आहे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. १९१० मध्ये लोकसंख्या अडीच लाखांच्या थोडी वर.

ड्यूक राजा की मालगुजार, हा तुझा प्रश्न. १८०६ पर्यंत वर बादशहा होता, पण आपल्या मुलखात कर, कायदा, न्याय त्याचाच. नागपूरकर भोसले सातारच्या छत्रपतींचे सेनासाहेबसुभा म्हणवत आणि राज्य स्वतः करत, त्याच्या जवळचं काहीतरी. १८०६ नंतर तर पूर्ण राजाच, पुढं १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य होईपर्यंत.

एवढं लिहून हात दुखला. उरलेलं विचार.

सेलूची लेक

काका, तुमचं सगळं मी आजीला वाचून दाखवलं. दोन बैठकी लागल्या. "निपुत्रिक मयत" आलं की आजी दर वेळी "अरे माय" म्हणायची.

आता मला एक गोष्ट टोचते आहे. कोबर्गचा आल्ब्रेख्ट निपुत्रिक, गोथाचा ड्यूक निपुत्रिक, तरी कोणी त्यांचं राज्य "खालसा" केलं नाही. भाऊबंदांनी घेतलं. आणि आपल्या नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले म्हणून सगळं राज्य इंग्रजांनी घेतलं. तेव्हा गादीवर हीच राणी होती ना? तिच्या सासरी एक न्याय आणि आपल्याला एक, असं कसं?

अर्जनवीस

पोरी, तू ज्या जागी बोट ठेवलंस, तिथंच मीही बरीच वर्षं अडकलेलो आहे.

तारखा समोरासमोर ठेव. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला नागपूरला वारले. मुलगा नाही. दत्तक घ्यायची घरच्या राण्यांची इच्छा होती, भोसल्यांचं रक्त असलेला मुलगाही समोर होता. लॉर्ड डलहौसीनं दत्तक मानला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा. कोबर्ग-गोथासारखी कितीतरी संस्थानं मावतील एवढं मोठं राज्य. मग वाड्यातली जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल, सगळ्यांचा लिलाव. भोसल्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या राणी बांकाबाई तेव्हा म्हाताऱ्या होत्या, त्यांच्या डोळ्यादेखत. नंतर दत्तक जानोजींना "राजाबहादूर" किताब आणि सातारा भागातलं देऊर एवढंच मिळालं.

आता त्याच डिसेंबरात कोबर्गला काय होतं बघ. गादीवर दुसरा एर्न्स्ट, आल्बर्टचा थोरला भाऊ. लग्नाला अकरा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. पुढंही झालं नाही. पण त्या राज्याला काडीचा धोका नव्हता. घराण्याचा लिहिलेला नियम होता, मूल नसेल तर भाऊ, भाऊ नसेल तर भावाची मुलं. आल्बर्ट १८६१ मध्येच गेला. मग हक्क आला आल्बर्टच्या मुलांकडं, म्हणजे व्हिक्टोरियाच्या मुलांकडं. थोरल्या एडवर्डला इंग्लंडची गादी मिळायची होती, म्हणून १८६३ मध्ये त्यानं कोबर्गवरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं. आपण हक्कसोडपत्र करतो, तेच. दुसरा मुलगा आल्फ्रेड वारस ठरला. हा आल्फ्रेड १८६९-७० मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला होता. १८९३ मध्ये एर्न्स्ट निपुत्रिक मयत, आणि इंग्लंडच्या आरमारातला आल्फ्रेड जाऊन कोबर्गचा ड्यूक झाला. चुलत्याची गादी पुतण्याला. कोणी खालसा म्हटलं नाही.

फरक काय, तर तिथं वारस कोण हे घराणं ठरवत होतं, आणि इथं ज्याला राज्य हवं होतं तोच ठरवत होता. फेरफाराला हरकत घेणारा आणि फेरफार मंजूर करणारा एकच. तीस वर्षांत असा एखादा फेरफार माझ्याही टेबलावर आला आहे. एक विधवा बाई, दत्तकपत्र नोंदवलेलं, तरी वारस म्हणून नाव चढेना. तिला मी स्वतः चौदा वेळा अर्ज लिहून दिला. शेवटच्या चार अर्जांचे पैसे मी घेतले नाहीत.

एवढं मात्र खरं की १८५७ चा उठाव झाल्यावर इंग्रजांना चूक कळली. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. नागपूरला त्याचा उपयोग काय? आठ वर्षं उशीर.

बरं, त्या नियमाचं पुढं काय झालं तेही सांगतो. आल्फ्रेडचा एकुलता मुलगा १८९९ मध्ये गेला. धाकटा भाऊ कॉनॉटचा ड्यूक, त्यानं नको म्हटलं. मग इंग्लंडात ईटनला शिकणारा राणीचा नातू, चार्ल्स एडवर्ड, ह्याला उचलून जर्मनीत नेलं. बाप तो जन्मायच्या आधीच मेलेला. १९०० मध्ये आल्फ्रेड गेला आणि हा इंग्रज पोरगा सोळाव्या वर्षी ड्यूक कार्ल एडुआर्ड झाला. १९१४ मध्ये युद्ध लागलं आणि तो जर्मनीकडून उभा राहिला. इंग्लंडनं त्याच्या पदव्या काढून घेतल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीतली सगळीच राज्यं पडली, त्यानंही १४ तारखेला गादी सोडली. पुढं तो नाझींना जाऊन मिळाला, जर्मन रेड क्रॉसचा अध्यक्ष झाला. ते मला माफ करता येत नाही. युद्धानंतर खटला चालला, दंड झाला, आणि १९५४ मध्ये कोबर्गलाच मेला. धर्मनिष्ठ एर्न्स्टचा शाळेचा कायदा एका टोकाला आणि हा माणूस दुसऱ्या टोकाला. एकाच वंशावळीच्या कागदावर दोघांची नावं आहेत.

परदेशी वऱ्हाडी

मी मूळ दारव्ह्याकडचा. कंपनीच्या कामानं चार महिने कोबर्गला होतो, म्हणून राहवलं नाही.

काका, तुम्ही सांगितलेली वाटणी तिथं अजून दिसते. गोथाचे लोक थुरिंजियात आहेत आणि कोबर्ग बव्हेरियात. ३० नोव्हेंबर १९१९ ला कोबर्गच्या लोकांनी मतदान करून थुरिंजियात जायला नकार दिला, १९२० मध्ये बव्हेरियात गेले. तेव्हा कोणाला काय माहीत होतं! दुसऱ्या महायुद्धानंतर थुरिंजिया पूर्व जर्मनीत गेलं, आणि त्या एका मतदानामुळं कोबर्ग पश्चिमेत राहिलं. मध्ये काटेरी तारांची सरहद्द. माझ्या घरमालकीणबाईंची मावशी पलीकडच्या खेड्यात होती, तास-दीड तासाच्या पायी अंतरावर. लहानपणी त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं.

बाजारचौकात मध्यभागी आल्बर्टचा पुतळा आहे, १८६५ मध्ये बसवला तेव्हा राणी स्वतः हजर होती. पुतळ्याच्या आजूबाजूला सॉसेज भाजणाऱ्या टपऱ्या. कोळशावर नाही, चिडाच्या वाळलेल्या बोंडांवर भाजतात. त्या धुराचा वास आपल्याकडं पऱ्हाटीच्या काड्या पेटवल्यावर येतो तसा डोळ्यांना झोंबतो. थंडीत मी रोज तिथं उभा राहायचो.

सेलूची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ह्या धाग्याची छापील प्रत काढून वहीत लावली.

आजीचा एक शेवटचा प्रश्न आहे, मी फक्त लिहिते. आल्बर्टच्या आईचं नाव कोणीच घेतलं नाही. आजी म्हणते, "एवढी सगळी सोयरीक सांगतली, पन त्या पोराची माय कोठी गेली?"

अर्जनवीस

आजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी विचारलं ते मीच आधी लिहायला हवं होतं.

तिचं नाव लुईझ. गोथाच्या घरची एकुलती लेक, तिच्यामुळंच कोबर्गवाल्यांचा गोथाकडं डोळा होता. सोळाव्या वर्षी तिचं लग्न एर्न्स्टशी झालं. तो बाहेरख्याली, तिच्याहून जवळजवळ सतरा वर्षांनी मोठा. १८२४ मध्ये नवऱ्यानं तिला वेगळं काढलं, दोन्ही मुलं ठेवून घेतली. आल्बर्ट तेव्हा पाच वर्षांचा. मुलांची भेट पुन्हा कधी होऊ दिली नाही. १८२६ च्या मार्चमध्ये काडीमोड आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्या माहेरचं गोथा नवऱ्याच्या नावावर. तिनं एका साध्या लष्करी अधिकाऱ्याशी दुसरं लग्न केलं आणि १८३१ मध्ये पॅरिसला कॅन्सरनं गेली. तीस वर्षांची होती.

तिला कोबर्गपासून लांब एका खेड्यातल्या चर्चमध्ये पुरलं होतं. मुलांचा बाप एर्न्स्ट १८४४ मध्ये वारला. त्यानंतर दोन वर्षांनी मुलांनी आईला तिथून काढून कोबर्गला आणलं. आल्बर्टनं आपल्या एका लेकीचं नाव लुईझ ठेवलं.